कार्डात मावलं, पण चाललं नाही

आवाज पुढे निघून जातो आणि चित्र मागे राहतं. बुवा अभंगाच्या दुसऱ्या चरणावर पोचलेले असतात, पडद्यावर मात्र त्यांचा हात पहिल्या चरणालाच वर अडकलेला. जुन्या टॅब्लेटवर किंवा बटणाच्या फोनवर आजचा व्हिडिओ टाकला की हे ठरलेलं. मग घरातलं कॉलेजात जाणारं कुणीतरी म्हणतं, ‘फाईल जड आहे, लहान करून देतो.’ चारशे एमबीची फाईल शंभर एमबीची होऊन येते. आणि आधी रडतखडत का होईना चालणारा व्हिडिओ आता उघडतच नाही.

फाईल किती जागा खाते आणि ती उलगडायला यंत्राला किती राबावं लागतं, हे दोन वेगळे हिशेब आहेत. कित्येकदा एक खाली आला की दुसरा वर जातो. व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. मधूनमधून एक अख्खं चित्र असतं आणि त्यापुढच्या चित्रांच्या जागी काय हललं, कुठे सरकलं, एवढ्याच नोंदी असतात. कोडेक, म्हणजे व्हिडिओ आवळण्या-उलगडण्याची पद्धत, जितका नवा, तितक्या या नोंदी आखूड आणि गुंतागुंतीच्या. २००३ मध्ये एच.२६४ हे मानक आलं. २०१३ मध्ये आलेलं एच.२६५ साधारण त्याच दर्जाचं चित्र जवळपास निम्म्या जागेत बसवतं, पण ते उलगडायला जास्त गणित करावं लागतं. नव्या फोनच्या चिपमध्ये या गणितासाठी वेगळं सर्किटच असतं. २०१२ च्या फोनमध्ये ते असणार तरी कुठून? तेव्हा मानकच जन्मलेलं नव्हतं. मग सगळा भार मुख्य प्रोसेसरच्या गळ्यात पडतो. सेकंदाला पंचवीस चित्रं, म्हणजे एका चित्राला ४० मिलिसेकंद. त्याहून जास्त लागले की उशीर साचत जातो. तुटका आवाज कानाला लगेच टोचतो, म्हणून प्लेअर आवाज सुरळीत ठेवतो आणि चित्रं गाळतो. बुवांचा हात वरच राहतो तो यामुळे.

ज्यांनी थ्रीजीपीचा काळ पाहिला आहे त्यांना यातलं बरंच काही नकळत ठाऊक आहे. एसटी स्टँडसमोरच्या मोबाईलच्या दुकानात ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ अशी पाटी असायची आणि दुकानदार फोन हातात घेऊन आधी मॉडेल विचारायचा. २००३ मध्ये आलेल्या नोकिया ६६०० चा पडदा होता १७६ बाय २०८. त्या जमान्यातल्या थ्रीजीपी फाईलचं नेहमीचं माप १७६ बाय १४४, म्हणजे अवघे २५,३४४ पिक्सेल. आजच्या फुल एचडी चित्रात २०,७३,६०० पिक्सेल असतात, ऐंशीपटीहून जास्त. हे १७६ बाय १४४ मोबाईलवाल्यांनी काढलेलं नाही. फोनवरून एकमेकांचे चेहरे पाहता यावेत म्हणून दूरसंचार क्षेत्राने जी मानकं केली, त्यातलं ते माप आहे. आवाजही तिथलाच. थ्रीजीपीत बऱ्याचदा एएमआर कोडेक असे आणि तो मुळात फोनवरच्या बोलण्यासाठी केलेला. सेकंदाला ८,००० नमुने घेतले की ४,००० हर्ट्झच्या वरचं काहीच उरत नाही. माणसाचं बोलणं समजतं, पण टाळ आणि झांजा पत्रा वाजवल्यासारख्या लागतात. लोकांना वाटायचं, फोनचा स्पीकर भिकार आहे. स्पीकर तसा असेलही, पण टाळांचा खणखणाट कन्व्हर्ट करतानाच गेलेला असायचा.

ऑक्टोबर २००५ मध्ये व्हिडिओ दाखवणारा पहिला आयपॉड आला. त्याच्या तपशीलपत्रकातल्या दोन ओळी मला फार बोलक्या वाटतात. एच.२६४ चा व्हिडिओ ३२० बाय २४० पर्यंतच चालेल, बिटरेट सेकंदाला ७६८ किलोबिटपर्यंत. जुन्या एमपीईजी-४ पद्धतीचा मात्र ४८० बाय ४८० पर्यंत, अडीच मेगाबिटने. यंत्र तेच, चिप तीच. पण कोडेक जुना असेल तर तिप्पट पिक्सेल आणि तिपटीहून जास्त बिटरेट ते पेलतं. मर्यादेबाहेरची फाईल आयट्यून्स आयपॉडवर चढूच देत नसे, त्यामुळे अडखळणारं चित्र पाहण्याची वेळच येत नसे. लोक चिडायचे, पण मला तो कारभार सरळ वाटतो.

सोनीच्या पीएसपी या हातात धरून गेम खेळायच्या यंत्राची गोष्ट वेगळी. पडदा देखणा, ४८० बाय २७२. विकत घेतलेल्या चकतीवरचा सिनेमा तो पूर्ण भरायचा. आपण मेमरी स्टिकवर टाकलेल्या व्हिडिओला मात्र सुरुवातीला ७६,८०० पिक्सेलची मर्यादा होती. चिपला जमत होतं, कंपनी करू देत नव्हती. मग हौशी मंडळींनी ३६८ बाय २०८ हे माप काढलं. गुणाकार ७६,५४४, म्हणजे मर्यादेच्या जेमतेम आत. शिवाय दोन्ही आकड्यांना १६ ने निःशेष भाग जातो, आणि हे कोडेक चित्राचे १६ बाय १६ चे चौकोन पाडूनच काम करतात. शेवटी मार्च २००७ च्या फर्मवेअरने ते कुंपण काढलं.

आता हातात असलेल्या जुन्या यंत्राचं काय करायचं? संगणकावर हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर बहुतेकांना पुरतं. पहिल्यांदा यंत्राच्या पडद्याचे पिक्सेल बघा आणि चित्राचं माप त्यापेक्षा मोठं ठेवू नका. ३२० बाय २४० च्या पडद्यावर फुल एचडी फाईल चालवायची म्हणजे वीस लाख पिक्सेल उलगडायचे आणि त्यातले बहुतेक फेकून द्यायचे. रुंद चित्र असेल तर १८० ऐवजी १७६ ओळी घ्या, त्या सोळाच्या पाढ्यात बसतात. कोडेक एच.२६४, आणि त्यातली ‘बेसलाइन’ प्रोफाइल. मागच्यापुढच्या दोन्ही चित्रांवर अवलंबून राहणाऱ्या नोंदी तिच्यात नसतात आणि शेवटच्या टप्प्याची आवळपद्धतही सोपी असते. यंत्र फारच दमलेलं असेल तर ‘फास्ट डिकोड’ वर टिचकी मारा. चौकोनांच्या कडा गुळगुळीत करण्याचं काम त्याने वाचतं. मोठ्या टीव्हीवर ते ठिगळ दिसेल, अडीच इंचांवर नाही. या सगळ्याने फाईल त्याच मापाच्या नव्या पद्धतीच्या फाईलपेक्षा मोठी होते. होऊ द्या. कार्डात जागा असते, प्रोसेसरमध्ये नसते.

कमाल बिटरेटला मात्र लगाम घाला. सरासरी ठीक असली तरी एखाद्या प्रसंगात मागणी एकदम उसळते आणि नेमकं तिथे गाडं अडतं. गुलाल उधळलेली मिरवणूक, पाऊस, मशाली, धबधबा यांत प्रत्येक ठिपका दरवेळी नव्या जागी असतो, त्यामुळे नोंदी आखूड होतच नाहीत. म्हणून अख्खा दोन तासांचा व्हिडिओ कन्व्हर्ट करण्याआधी त्यातली सर्वांत धावपळीची दोन मिनिटं काढून यंत्रावर चालवून बघावीत. स्टुडिओत खुर्चीत बसलेल्या पाहुण्यांवर चाचणी घेतली तर कुठलंही यंत्र पास होतं.

चित्रांच्या वेगात लुडबूड नको. पंचवीसचा व्हिडिओ तीसचा केला तर काही चित्रं दोनदा येतात आणि कॅमेरा सावकाश फिरतो तिथे बारीक हिसके बसतात. पन्नासचे पंचवीस, साठचे तीस असे निम्मे मात्र बिनधास्त करा. आणखी एक ठेवावं: अख्खं चित्र दर दोन सेकंदांनी एक. बऱ्याच सेटिंगमध्ये ते दहा-दहा सेकंदांवर असतं. मग जुन्या फोनवर पुढे ढकलायला गेलं की पडदा गोठतो, आणि माणूस चिडून पुन्हा बटण दाबतो.

आवाजासाठी साधं एएसी आणि दोनच चॅनेल. डीव्हीडीवरून घेतलेल्या सिनेमात बहुधा सहा चॅनेलचा डॉल्बी ट्रॅक असतो. त्याचा परवाना नसलेल्या फोनवर चित्र धावतं आणि आवाज येतच नाही. असा सिनेमा पाहिला की मूकपटांच्या प्रेक्षकांबद्दल आदर वाढतो. एएसीच्या ‘हाय एफिशियन्सी’ प्रकारापासूनही लांब राहावं. जुना डिकोडर त्यातला वरचा अर्धा भाग ओळखतच नाही, आणि गाणं गोधडीखालून आल्यासारखं ऐकू येतं.

काही वेळा यातलं काहीच लागत नाही. एमकेव्ही किंवा एमपी४ हा फक्त डबा असतो. आतला व्हिडिओ यंत्राला झेपणारा असेल, पण डबा उघडता येत नसेल, तर नुसता डबा बदलायचा. एफएफएमपेगसारखं साधन हे काम मिनिटभरात करतं, आणि दर्जा कणभरही घसरत नाही. पुन्हा कन्व्हर्ट केलं की मात्र दरवेळी थोडा घसरतोच. त्यामुळे मूळ फाईल पुसू नये आणि कन्व्हर्ट केलेल्या फाईलवरून आणखी एक फाईल तर कधीच करू नये.

फोनवर उभा धरून काढलेला व्हिडिओ जुन्या प्लेअरवर आडवा झोपतो. चित्र मुळात आडवंच साठवलेलं असतं आणि ‘दाखवताना फिरवा’ एवढी चिठ्ठी फाईलमध्ये असते. जुना प्लेअर ती वाचत नाही. कन्व्हर्ट करतानाच चित्र खरोखर फिरवून घ्यावं.

मराठी सबटायटल असतील तर तीही चित्रातच छापून टाकावीत. वेगळी फाईल दिली तर देवनागरीची जुळणी न येणारं यंत्र ‘किती’ मधली पहिली वेलांटी ‘क’ च्या आधी न लावता नंतर लावतं, आणि जोडाक्षरं पाय मोडून वेगवेगळी उभी करतं. चित्रात छापलेलं अक्षर यंत्राला वाचावंच लागत नाही. फक्त टाईप मोठा आणि ठळक घ्या, खाली काळी पट्टी ठेवा. २४० ओळींच्या पडद्यावर बारीक टाईपातला अनुस्वार कुणालाच दिसत नाही.