शंभर दीनारांचे ऋण

रात्रीचे अडीच वाजलेले असतात. कुठे दुखत नाही, तरी डोळ्याला डोळा लागत नाही. घराच्या वाटणीच्या वेळी धाकटा भाऊ जे बोलला, ते शब्द कानांत घुमू लागतात आणि आपण अंथरुणात पडल्या पडल्या त्याला चोख उत्तर देत राहतो. वाचकहो, हा मध्यरात्रीचा खटला आपणांपैकी अनेकांनी चालवला असेल. त्यात न्यायाधीश आपण, वकील आपण आणि तुरुंगात झोपेवाचून तळमळणारेही आपणच.

शरीर हा खटला खराच मानते. शार्लट विटव्हिलिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ७१ विद्यार्थ्यांना आपल्याला दुखावणारी व्यक्ती आठवायला सांगितले होते. अढी मनात घोळवताना त्यांच्या हृदयाची गती व रक्तदाब वाढला; क्षमेची कल्पना करताना हा ताण कमी दिसला. ही मुले तरुण होती आणि मोजमाप काही क्षणांचे होते, म्हणून कोणी रक्तदाबाची गोळी सोडू नये. मात्र वर्षानुवर्षे रोज रात्री तोच खटला उभा करणाऱ्याने याचा विचार जरूर करावा.

ख्रिस्ती जीवनात क्षमा ऐच्छिक नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ काढायला निघालेल्यास प्रभू येशूने स्वतःच्या डोळ्यातील मुसळाची आठवण दिली. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दृष्टान्तात राजाने हजारो तलांतांचे कर्ज सोडलेला दास शंभर दीनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो. प्रवचनांत हे शंभर दीनार बहुधा क्षुल्लक ठरवले जातात, हे मला पटत नाही. दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती. म्हणजे ही शंभर दिवसांची कमाई झाली. ज्याचे ती बुडते त्याला ती लहान नसते. आपल्या मराठी प्रभूच्या प्रार्थनेतही अपराधाला ‘ऋण’ म्हटले आहे. ऋण सोडायचे तर आधी ते होते, हे मान्य करावे लागते. ‘काही झालेच नाही’ असे म्हणणे म्हणजे क्षमा नव्हे.

शुश्रूषेच्या घरात तर दोषारोपांना सुगी असते. परदेशातील मुलगा फोनवरून सूचना देतो. रात्रभर जागलेली सून मनात त्याचा हिशेब मांडते. स्मृतिभ्रंश झालेली आई ‘माझ्या बांगड्या हिनेच घेतल्या’ असे पाहुण्यांसमोर म्हणते. असे आळ घेणे हे त्या आजाराचे नेहमीचे लक्षण आहे. तिथे न्यायनिवाडा करायला आरोपीच नाही. वाद घालू नये, बांगड्या शोधायला तिच्याबरोबर उठावे. आणि आपण तिच्यावर ओरडलो असलो, तर ते ऋणही देवापुढे ठेवावे. शुश्रूषा करणारी माणसे स्वतःलाच सर्वांत उशिरा क्षमा करतात.

क्षमा म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. ओडिशात बारीपदा येथे कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दहा व सहा वर्षांची मुले यांना जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावी गाडीत जिवंत जाळण्यात आले. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीरपणे सांगितले, आणि कायद्याचे काम कायद्याने केले. दोन्ही गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. त्यानंतरही काही वर्षे त्या तेथील रुग्णांची सेवा करीत राहिल्या. त्यांच्या जागी आपण असतो तर, हा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला आहे. उत्तर अजून सापडलेले नाही.

म्हणून घरात मारहाण होत असेल, औषध वा अन्न नाकारले जात असेल, बळजबरीने सह्या घेतल्या जात असतील, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मदतवाहिनीवर अवश्य बोलावे. मनात क्षमा असतानाही हा फोन करता येतो.

आज रात्री पुन्हा जाग आली, तर खटला पुढे चालवण्याऐवजी प्रार्थनेत त्या माणसाचे फक्त नाव घ्या. त्याच्यासाठी काही मागू नका, स्वतःला काही बजावू नका. पहिले काही दिवस नाव घेतानाच जीभ अडखळेल. तेवढ्यावर थांबून कूस बदलली तरी चालेल.