नदी अडते तिथे रेल्वे

हजार किलोमीटर संथ आणि खोल पात्र असलेल्या नदीत मध्येच दहा-वीस किलोमीटर कातळ, खळाळ आणि धबधबे लागले, की बोट तिथेच थांबते. पुढे पुन्हा हजार किलोमीटर चांगले पाणी असले तरी खालच्या बोटीला त्याचा उपयोग नसतो. अशा ठिकाणी माणसे पूर्वापार एकच उपाय करत आली. बोट रिकामी करायची, माल डोक्यावर किंवा पाठीवर घेऊन काठाने चालायचे आणि वरच्या पाण्यात दुसऱ्या बोटीत भरायचा. एकोणिसाव्या शतकात या पायवाटांवर रूळ पडले. या रेल्वे इतर रेल्वेंहून अगदी वेगळ्या होत्या. त्यांची दोन्ही टोके नदीच्या धक्क्यांवर संपत. देशातल्या दुसऱ्या कोणत्याही लोहमार्गाशी त्या जोडलेल्या नसत, म्हणून त्यांची इंजिने, डबे आणि रूळसुद्धा बोटीनेच येत.

यावर दुसरा उपाय कालव्याचा. धबधब्याला वळसा घालणारा कालवा खणून त्यात जलपाश बांधले, तर बोट एकेक पायरी चढत वर जाते आणि माल उतरवावाच लागत नाही. नायगाराला बगल देणारा कॅनडातला वेलंड कालवा १८२९ मध्येच सुरू झाला होता. पण जलपाशांना पक्के दगडी बांधकाम, पाण्याचे नियंत्रण आणि प्रचंड भांडवल लागते. एवढा खर्च भरून निघेल इतकी वाहतूक फार थोड्या नद्यांवर होती. रेल्वे त्या मानाने स्वस्त पडे आणि लवकर उभी राही. कॅनडातली पहिली सार्वजनिक रेल्वे याच गरजेतून निघाली. ला प्रेरी ते सेंट जॉन हा तिचा सुमारे २३ किलोमीटरचा मार्ग १८३६ मध्ये खुला झाला, आणि रिशल्यू नदीतले खळाळ टाळून सेंट लॉरेन्सकडे जाणे सोपे झाले. अमेरिकेच्या वायव्य भागात कोलंबिया नदीवर १८६२ मध्ये ‘ओरेगॉन पोनी’ नावाचे छोटे वाफेचे इंजिन याच कामाला लागले. तिथे मात्र पुढे वाहतूक वाढली, पैसा आला, १८९६ मध्ये कॅस्केड्सच्या खळाळांपाशी जलपाश झाला आणि १९१५ मध्ये सेलिलोच्या धबधब्यापाशी कालवा. रेल्वे ही तिथे मधली सोय ठरली.

आफ्रिकेतल्या काँगो नदीवर अशी पळवाट नव्हती. ही नदी सुमारे ४,७०० किलोमीटर लांब आहे आणि तिच्या उपनद्या धरून बोटी चालू शकतील असे हजारो किलोमीटरचे जाळे खंडाच्या मध्यभागी पसरले आहे. आजच्या किन्शासापासून किसांगानीपर्यंतच सुमारे १,७०० किलोमीटर सलग पाणी आगबोटींना मोकळे आहे. पण समुद्राकडून येणारे जहाज मुखापासून साधारण १५० किलोमीटरवर, मटाडी इथे अडकते. मटाडी आणि वरचा मलेबोचा विस्तीर्ण डोह यांच्यामध्ये लिव्हिंगस्टन धबधब्यांची मालिका आहे. सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या या टप्प्यात नदी ३२ ठिकाणी कोसळते आणि एकूण २७० मीटर खाली उतरते. सरासरी सेकंदाला चाळीस हजार घनमीटर पाणी वाहणाऱ्या नदीवर इतक्या उताराला पुरतील एवढे जलपाश बांधण्याचा विचारही त्या काळी शक्य नव्हता.

युरोपीय लोकांना या टप्प्याची खरी ओळख हेन्री मॉर्टन स्टॅन्लीच्या प्रवासात झाली. पूर्व किनाऱ्यावरून निघून तो १८७७ च्या मार्चमध्ये वरच्या डोहाशी पोचला. तिथून बोमा या किनाऱ्याजवळच्या ठाण्यावर यायला त्याला ऑगस्ट उजाडला. झाडांचे ओंडके कोरून केलेल्या जड होड्या त्याची माणसे दोरांनी ओढत कातळावरून नेत होती. त्याचा तरुण सोबती कलुलू आणि शेवटचा युरोपीय साथीदार फ्रँक पोकॉक हे दोघेही याच पाण्यात बुडाले. पुढे बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने काँगो आपल्या खाजगी मालकीचे राज्य म्हणून मिळवले, आणि १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेच्या सुमारास त्याला मान्यताही मिळाली. राज्य हाती आले, पण तिथे जायची वाट अजून हमालांच्या पायांचीच होती.

मटाडी ते डोह या पायवाटेने माल घेऊन जायला सुमारे तीन आठवडे लागत. एका हमालाच्या डोक्यावर तीस किलोच्या आसपास ओझे असे. वरच्या पाण्यात आगबोट हवी असेल तर तीसुद्धा याच मार्गाने न्यावी लागे. बॅप्टिस्ट मिशनची ‘पीस’ ही छोटी आगबोट इंग्लंडमध्ये बांधली, मग सुटी केली आणि सुमारे ८०० ओझ्यांत विभागून डोहापर्यंत वाहून नेली. ती पुन्हा जोडायला पाठवलेले इंजिनिअर वाटेतच दगावले. शेवटी जॉर्ज ग्रेनफेल या मिशनऱ्याने स्थानिक मदतनिसांना हाताशी धरून ती स्वतः उभी केली आणि १८८४ मध्ये पाण्यात लोटली. पोलादी पत्रे, बॉयलरचे भाग, खिळे यांतले प्रत्येक वजन माणसाच्या मानेवरून गेले होते. काठावरच्या गावांतले पुरुष या हमालीत अडकले, शेते ओस पडली, आणि साथी वाटेवरून गावोगाव पसरल्या. रेल्वेची बाजू मांडणाऱ्यांचा एक मुद्दा हाच होता, आणि तो खोटा नव्हता.

आल्बेर तीस या बेल्जियन अधिकाऱ्याने हा प्रकल्प हाती घेतला. १८८७ पासून मोजणी झाली, १८८९ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८९० मध्ये मटाडीहून काम सुरू झाले. नदीच्या दरीतून मार्ग नेणे अशक्य होते. म्हणून तो दक्षिणेकडच्या डोंगरांवर सातशे मीटरहून अधिक उंचीवर चढवून पुन्हा डोहाकडे उतरवायचा होता. सर्वांत अवघड भाग अगदी सुरुवातीलाच होता. मटाडीतून बाहेर पडताच म्पोझो नदीची घळ आणि पलाबलाचा कडा लागतो. उघड्या कातळात सुरुंग लावून, कड्याला चिकटलेली पट्टी कोरून रूळ टाकावे लागले. पहिल्या तीन वर्षांत जेमतेम २२ किलोमीटर मार्ग झाला. खर्च कमी राहावा म्हणून दोन रुळांतले अंतर ७६५ मिलिमीटर ठेवले होते. मराठी वाचकाला त्याचा अंदाज सहज येईल, कारण १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे रूळ ७६२ मिलिमीटरचे होते. जवळजवळ तेवढ्याच रुंदीच्या रुळांवर आफ्रिकेच्या मध्यभागाचा सगळा व्यापार चालायचा होता.

मजूर जवळपास मिळेनात, कारण हमालीच्या सक्तीने लोक आधीच पळून गेले होते. म्हणून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, बार्बाडोसमधून माणसे आणली. १८९२ मध्ये हाँगकाँग आणि मकाऊहून ५४० चिनी मजूर आणले, त्यातले सुमारे ३०० मेले किंवा जंगलात पळाले. काहीजण उगवत्या सूर्याच्या दिशेने चालत पूर्व किनारा गाठू पाहत होते आणि शेकडो किलोमीटर आत सापडले, असे सांगितले जाते. मलेरिया, हगवण, बेरीबेरी, सुरुंगांचे अपघात आणि चाबूक, यांनी माणसे मरत राहिली. सरकारी आकडा १,९३२ मृत्यूंचा आहे: १,८०० कृष्णवर्णीय आणि १३२ गोरे. खरा आकडा याहून बराच मोठा असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. दर स्लीपरमागे एक आफ्रिकी माणूस आणि तारेच्या दर खांबामागे एक युरोपीय गेला, अशी म्हण त्या भागात रुजली. हिशेब केला तर ती शब्दशः खरी ठरत नाही, एवढ्या लांबीला लाखो स्लीपर लागतात. पण जे ती म्हण बोलत, त्यांनी आपली माणसे पुरली होती.

१८९८ च्या मार्चमध्ये पहिली गाडी डोहाकाठच्या लिओपोल्डविलला, म्हणजे आजच्या किन्शासाला, पोचली. वाटेत ९९ लोखंडी पूल होते आणि खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीहून अधिक झाला होता. गाडी फक्त दिवसा चाले, रात्री प्रवासी अर्ध्या वाटेवरच्या गावात मुक्काम करत. या गावाला तीसचेच नाव मिळाले, आता ते म्बान्झा-न्गुंगू म्हणून ओळखले जाते. तीन आठवड्यांची वाट दोन दिवसांवर आली.

या पायवाटेवरची हमाली संपली, हे खरे. पण नदीच्या वरच्या अंगाला तेव्हा रबराची सक्तीची वसुली चालू होती, आणि रेल्वेने त्या रबराला समुद्राची वाट मोकळी करून दिली. कोटा न भरणाऱ्या गावांवर सैनिक चालून जात, बायकांना ओलीस ठेवत, माणसे मारत. हा अत्याचार जगापुढे आला त्यातही याच मार्गाचा वाटा होता. लिव्हरपूलच्या जहाज कंपनीत कारकून असलेल्या एडमंड मोरेलने अँटवर्पच्या धक्क्यावर पाहिले, की काँगोतून येणारी जहाजे रबर आणि हस्तिदंताने भरलेली असतात आणि परत जाताना त्यांत मुख्यतः बंदुका आणि दारूगोळा असतो. म्हणजे रबराची किंमत कोणी देतच नव्हते. त्याने आणि इतरांनी केलेल्या चळवळीनंतर १९०८ मध्ये लिओपोल्डला ते राज्य बेल्जियमच्या स्वाधीन करावे लागले. अरुंद रूळ लवकरच अपुरे पडले. १९२३ ते १९३१ या काळात मार्ग नव्याने आखून १,०६७ मिलिमीटर रुंदीचा केला, आणि त्यासाठीही मजूर सक्तीनेच आणले गेले. नवा मार्ग ३६६ किलोमीटरचा होता.

नेमके तेवढेच, ३६६ किलोमीटर, अंतर दक्षिण अमेरिकेतल्या माडेरा-मामोरे रेल्वेचे होते, आणि तिची कथा कदाचित अधिकच दुःखाची आहे. बोलिव्हियाच्या उत्तर भागात रबराची जंगले होती. रबर ॲमेझॉनमार्गे अटलांटिकला न्यायचे तर माडेरा आणि मामोरे नद्यांवरचे वीसएक खळाळ पार करावे लागत, आणि त्यांत होड्या माणसांसह बुडत. १८७० च्या दशकात इंग्रज आणि मग अमेरिकन कंपनीने प्रयत्न केला. दोघांनाही आजारपणामुळे आणि पैशाअभावी माघार घ्यावी लागली. १९०३ च्या पेट्रोपोलिस तहाने आक्रेचा प्रदेश ब्राझीलकडे गेला. त्याच्या बदल्यात ब्राझीलने बोलिव्हियाला २० लाख पौंड दिले आणि ही रेल्वे बांधून देण्याचे वचन दिले.

अमेरिकन उद्योजक पर्सिव्हल फर्क्युअर याच्या कंपनीने १९०७ मध्ये काम सुरू केले. जगाच्या कानाकोपऱ्यातून वीस हजारांहून अधिक मजूर आले. १९१० मध्ये ब्राझीलचे प्रसिद्ध डॉक्टर ओस्वाल्डो क्रूझ यांना तिथली पाहणी करायला बोलावले. मलेरियाने जवळजवळ प्रत्येकाला गाठले होते. रोज क्विनाइन आणि रात्री मच्छरदाणी यांची सक्ती करा, असे त्यांनी बजावले. तरीही हजारो मजूर मेले, सहा हजारांहून अधिक असा आकडा सामान्यतः दिला जातो. १ ऑगस्ट १९१२ रोजी मार्ग पूर्ण खुला झाला. पुढच्याच वर्षी आशियातल्या लागवडीच्या रबराने ॲमेझॉनच्या जंगली रबराला उत्पादनात मागे टाकले, भाव कोसळले, आणि ज्या मालासाठी एवढे जीव गेले तो मालच उरला नाही. १९३१ मध्ये सरकारने रेल्वे ताब्यात घेतली, १९७२ मध्ये ती बंद झाली. खळाळांच्या खालच्या टोकाला वसलेले पोर्तो वेल्हो मात्र वाढले आणि आज रोंडोनिया राज्याची राजधानी आहे.

आशियातले उदाहरण आकाराने सर्वांत लहान आहे. मेकाँग नदीने चीनपर्यंत बोटी नेता येतील, अशी फ्रेंचांना आशा होती. लाओसच्या दक्षिण टोकाला खोन धबधब्यांनी ती वाट अडवली. १८९३ मध्ये फ्रेंचांनी डोन खोन बेटावर रूळ टाकून युद्धनौकाच गाड्यांवर चढवून बेटापलीकडे नेल्या. पुढे पूल बांधून मार्ग डोन डेट बेटापर्यंत वाढवला, तो एकूण सातएक किलोमीटरचा झाला. १९४० च्या दशकात तो बंद पडला.

या रेल्वे का संपल्या, याची कारणे जवळपास सारखीच आहेत. माल बोटीतून डब्यात आणि डब्यातून पुन्हा बोटीत भरायचा, म्हणजे दोन ठिकाणी वेळ, मजुरी आणि नासधूस. शेजारून सलग रस्ता किंवा लांब पल्ल्याचा लोहमार्ग झाला, की हा खर्च परवडेनासा होतो. कोलंबिया नदीवर तर १९५७ मध्ये डॅलेस धरणाने सेलिलोचा धबधबाच पाण्याखाली घातला. त्याबरोबर मूळ रहिवाशांचे हजारो वर्षांचे मासेमारीचे ठिकाणही गेले.

काँगोच्या खोऱ्यात पर्याय फारसे उभे राहिले नाहीत. मटाडी-किन्शासा मार्गाची वाहतूक ट्रकांनी बरीचशी खेचली, तरी तो काढून टाकलेला नाही. किसांगानीच्या वर बोयोमा धबधब्यांना बगल देणारा १२५ किलोमीटरचा मार्ग १९०६ मध्ये झाला. त्याच्या वर पुन्हा काही अंतर बोट, आणि मग किंदूपासून कोंगोलोपर्यंत दुसरा तुकडा. बोट, गाडी, बोट, गाडी अशी ही साखळी एकेका धक्क्यावर माल उतरवत नदीच्या वरच्या अंगापर्यंत जाण्यासाठीच आखलेली होती.