पुढच्यास ठेच, मागचा अंधारात

बेळगाव जिल्ह्याच्या रामदुर्ग तालुक्यात २०२२ च्या जानेवारीत गोवर-रुबेला लस टोचल्यानंतर तीन बालके दगावली. लस ठेवण्यात व हाताळण्यात हलगर्जी झाल्याचे सकृद्दर्शनी आढळले आणि परिचारिका व औषधनिर्माता निलंबित झाले. दोषी असेल त्यास शासन झालेच पाहिजे, ह्याविषयी दुमत नाही. परंतु निलंबनाच्या हुकुमाने शेजारच्या तालुक्यातील दवाखाना शहाणा होत नाही. काय घडले व कसे घडले हे त्यास कोणी सांगेल, तरच तो सावध होईल.

लसीकरणात निदान विपरीत घटना वर कळविण्याची सरकारी रीत आहे. गल्लीतल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात तशी रीत रुळलेलीच नाही. सुईच्या जागी गळू होते, पेनिसिलिन न सोसणाऱ्यास तेच टोचले जाते, एकाच्या पुड्या दुसऱ्याच्या हाती जातात. रुग्ण वाचला तर देवाची कृपा, गेला तर दैवाचा खेळ, असे म्हणून प्रकरण मिटते. झाकली मूठ सव्वा लाखाची राहते; ते सव्वा लाख मात्र पुढचा रुग्ण मोजतो.

सीमाभागात ह्या दुखण्यास आणखी एक पदर आहे. निपाणीच्या रुग्णाची प्रकृती बिघडली की तो कोल्हापूर गाठतो, बेळगावचा मिरजेस वा गोव्यास जातो. चूक एका राज्यात घडते, निस्तरली जाते दुसऱ्या राज्यात. ज्याच्या हातून ती घडली त्यास ती कळत नाही; ज्यास कळते त्याने ती कोणास सांगावी? शिवाय रुग्णाची भाषा मराठी, औषधाच्या वेष्टनावरची इंग्रजी आणि सरकारी कागदावरची कन्नड! सीमेचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. त्याच्या निकालापर्यंत रुग्णांनी थांबावे काय?

औषधांचे दुष्परिणाम नोंदविणारी राष्ट्रीय योजना २०१० साली सुरू झाली. १८००-१८०-३०२४ ह्या क्रमांकावर कोणासही तक्रार कळविता येते. रुग्णांसाठीचा नमुना मराठीत आहे, तसाच कन्नडमध्येही. पण ही सोय औषधांपुरतीच. चुकलेले निदान वा हरवलेला तपासणी अहवाल तीत बसत नाही.

डॉक्टर बोलत नाहीत ते भीतीपोटी. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. रुग्णाचा तो हक्क तसूभरही कमी होता कामा नये. मात्र न्यायाची वाट वेगळी आणि शिकण्याची वेगळी. इंग्लंडने २००३ साली चुकांच्या नोंदीची राष्ट्रीय व्यवस्था उभारली. तेथेही कुटुंबवैद्यांच्या नोंदी इस्पितळांच्या मानाने अगदीच थोड्या आल्या. यंत्रणा उभारल्याने विश्वास आपोआप निर्माण होत नाही, हाच त्याचा अर्थ.

म्हणून बेळगाव व निपाणीच्या डॉक्टरांनी स्वतःच आरंभ करावा, असे आम्ही सुचवितो. महिन्यातून एकदा जमावे, नावे वगळून घडलेली चूक सांगावी, ती दोन्ही भाषांत लिहून ठेवावी आणि कोल्हापूर-मिरजेच्या सहव्यवसायींनाही त्यात सामील करून घ्यावे. रुग्णांनीही औषधाचे नाव विचारावे, वेष्टन जपून ठेवावे आणि कोणते औषध सोसत नाही हे आधीच सांगावे. पुढच्यास ठेच लागली की मागचा शहाणा होतो, असे आपण म्हणतो खरे. पण पुढचा ठेच लपवू लागला तर मागच्याने शहाणे व्हावे तरी कसे?