मेंदूज्वराची ओळख व शुश्रूषा

फेब्रुवारी २०२४ मध्ये भोपाळ, इंदूर, सागर व नर्मदापुरम या जिल्ह्यांत १ ते १५ वर्षांच्या मुलांना जपानी मेंदूज्वराची लस टोचण्याची मोहीम निघाली. जपानचा रोग आपल्या दारी कसा, असे पुष्कळांना वाटले. नावावर जाऊ नये. भारतात तो १९५५ मध्येच वेल्लोरकडे ओळखला गेला. त्याचा विषाणू डुकरांत व बगळ्यांत वाढतो आणि भातखाचरांत वाढणारे क्यूलेक्स डास तो माणसापर्यंत आणतात. रोग्यापासून शेजाऱ्यास तो लागत नाही.

पुष्कळांना संसर्ग होऊनही काही जाणवत नाही. परंतु ज्यांच्या मेंदूस सूज येते, त्यांतील शेकडा २० ते ३० दगावतात. तापातले मूल बरळू लागले, त्यास झापड वा झटके आले, तर तत्काळ इस्पितळ गाठावे. वाटेत त्यास कुशीवर निजवावे. तोंडात पाणी घालू नये.

निदानासाठी पाठीच्या मणक्यांतून पाणी काढतात. मूल लुळे पडेल या भयाने घरची मंडळी येथेच अडून बसतात. हे भय व्यर्थ, आणि वेळ मात्र मोलाचा जातो! त्या पाण्यात प्रतिद्रव्ये शोधतात. पहिल्या दिवसांत ती न सापडल्यास पुन्हा तपासावे लागते. मलेरियासाठी रक्तही पाहतात, कारण त्यावर औषध आहे.

या विषाणूवर ते नाही. झटके थांबविणे, सूज उतरविणे, श्वास मोकळा ठेवणे, नळीने अन्न देणे, कूस बदलणे, हाच उपचार. घरी आल्यावरही हातापायांचा व बोलण्याचा सराव महिनोगणती चालू ठेवावा लागतो.