सिकलसेलचा अहवाल म्हणजे लग्नाचा निकाल नव्हे

साखरपुडा झालेले मुलगा-मुलगी अहवाल घेऊन समुपदेशकासमोर बसतात. "आमचं जमतं की नाही, तेवढं सांगा." पांढरकवडा, मारेगाव, झरी जामणीकडे हा प्रश्न पत्रिकेपेक्षा रक्ताच्या कागदावरून विचारला जाणे चांगलेच, पण समुपदेशक निकाल देत नाही, शक्यता समजावतो.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक (आईवडिलांकडून मुलांत उतरणारा) आजार. दोष एकाच बाजूने आला तर माणूस वाहक, म्हणजे आपल्याकडचा 'एएस पॅटर्न'. त्याला सहसा त्रास नसतो. दोन्हीकडून आला तर रुग्ण, 'एसएस'.

दोघेही वाहक असतील तर दोन नाणी एकदम उडवल्यासारखे समजा. दोन्ही काटे पडण्याची, म्हणजे दोष दोन्हीकडून येऊन मूल 'एसएस' होण्याची, शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के. आणि ही नाणी प्रत्येक गरोदरपणात नव्याने उडतात. "पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली" हा हिशेब कितीतरी घरांना महागात पडू शकतो.

वाहकाने लग्नच करू नये, हा समजही खरा नाही. जोडीदार 'एए' (दोष नसलेला) असेल तर मूल फार तर वाहक होईल, रुग्ण नाही. दोघेही वाहक असले तरी गरोदरपणाच्या सुरुवातीला गर्भाची तपासणी करता येते. निर्णय त्या दोघांचाच.

फक्त कागद नीट पाहा. सोल्युबिलिटी (विद्राव्यता) चाचणी दोष आहे एवढेच सांगते. 'एएस' की 'एसएस', हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासणीतच कळते.