पुन्हा गाठ पडणार आहे

जानेवारी 1950. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथे, रँड कॉर्पोरेशनमध्ये, मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर या गणितज्ञांनी दोन सहकाऱ्यांना एका खेळाला बसवलं: अर्थतज्ज्ञ आर्मेन अल्चियन आणि गणितज्ञ जॉन विल्यम्स. दर डावाला दोघांनी एकाच वेळी ठरवायचं, साथ द्यायची की दगा. एकाच डावाचा हिशेब मांडला तर दगाच फायद्याचा. दोघांनीही तो दिला तर दोघेही नुकसानीत. तरीही 100 पैकी 60 डावांत दोघांनी एकमेकांना साथ दिली. डाव चालू असताना दोघे नोंदी लिहीत होते. त्या वाचताना ते एकमेकांवर चिडलेले दिसतात, समोरच्याला वळणावर आणू पाहतात, पुन्हा जुळवून घेतात. त्याच वर्षी अल्बर्ट टकर यांनी या खेळाला दोन कैद्यांची गोष्ट जोडली आणि 'कैद्यांचा पेच' जगभर पोचला.

शेवटचा डाव कोणता हे आधीच माहीत असेल, तर त्यात दगा ठरलेला. मग त्याच्या आधीच्या डावातही, अशी वीण मागून उसवत येते. पण शेवट अनिश्चित असेल आणि पुढच्या डावांची किंमत दोघांनाही वाटत असेल, तर आजचा दगा उद्या महागात पडतो. ही गोष्ट पन्नासच्या दशकात अभ्यासकांमध्ये तोंडी फिरत होती. 1959 मध्ये रॉबर्ट ऑमन यांनी तिला भक्कम गणिती बैठक दिली. 2005 च्या त्यांच्या नोबेलमागे हे काम होतं.

साथ टिकू शकते हे सिद्ध झालं, पण कशी टिकते? 1980 च्या सुमारास मिशिगन विद्यापीठातल्या रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी हाच खेळ खेळणाऱ्या संगणक प्रोग्रॅमांची स्पर्धाच भरवली. 14 प्रवेशिका, 200 डावांचे सामने. टोरांटोच्या अनातोल रापोपोर्ट यांचा सर्वांत छोटा प्रोग्रॅम जिंकला: सुरुवात साथीने, पुढे जशास तसे. दुसऱ्या फेरीला 62 प्रवेशिका आल्या. जिंकला पुन्हा तोच. गंमत म्हणजे त्याला एकाही सामन्यात समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळवता येत नाहीत. तो जिंकतो ते दोघांचंही भलं घडवून.

त्याची उणीवही तिथेच उघडी पडली. 'जॉस' नावाचा प्रोग्रॅम असाच वागे, फक्त अधूनमधून अकारण दगा देई. रापोपोर्ट यांच्या प्रोग्रॅमशी खेळताना सहाव्या डावात त्याने तसं केलं आणि आळीपाळीने सूड सुरू झाला. 25 व्या डावात पुन्हा दगा दिला, त्यानंतर मात्र शेवटपर्यंत दोघांचाही दगाच. चुका होणाऱ्या जगात निव्वळ परतफेड पुरत नाही. 1992 मध्ये मार्टिन नोवाक आणि कार्ल झिगमुंड यांनी दाखवलं की अशा जगात अधूनमधून माफ करणारी खेळीच टिकून राहते.

पुन्हा पुन्हा गाठ पडली की साथ रुजते, हे पहिल्या महायुद्धातही घडलं होतं. पश्चिम आघाडीवर तेच सैनिक समोरासमोर दीर्घकाळ राहिले, तिथे एकमेकांची रसद आणणाऱ्या गाड्यांवर तोफा न डागण्याचा अलिखित करार रुजला. वरिष्ठांनी छापे घालण्याचे हुकूम सोडले, तेव्हा तो मोडला.

या वाटचालीने मला एक गोष्ट पटवली: परस्परविश्वासासाठी माणसं संत असावी लागत नाहीत, की डोक्यावर सतत पहारेकरी लागत नाही. पुन्हा भेट होणार याची खात्री, मागचं लक्षात ठेवण्याची सोय आणि चूक पोटात घालण्याची तयारी, एवढं लागतं. जिथे माणसं एकदाच भेटून पांगतात, तिथे नुसत्या उपदेशाने भागत नाही. प्रामाणिकपणा हवा असेल, तर तीच माणसं पुन्हा समोर येतील अशी व्यवस्था उभारणं आणि जपणं, हे आपलं काम आहे.