छातीपासून वरचा माणूस

लग्नाच्या फोटोसाठी काय नेसावे याबद्दल आपल्या घरांत वाद पुष्कळ होतात, पण सल्लागारांचा तुटवडा कधी पडत नाही. आई असते, मावशी असते, शेजारच्या काकू तर असतातच. नोकरीच्या फोटोचे तसे नाही. कचेरीतून एका ओळीचा निरोप येतो, ‘आपले छायाचित्र सोमवारपर्यंत पाठवावे’, आणि चांगली शिकलीसवरलेली माणसे उघड्या कपाटासमोर खांबासारखी उभी राहतात. मराठीच्या प्राध्यापकाला या बाबतीत कोणी विचारावे असे खरे म्हणजे काही नाही. पण जुने विद्यार्थी अर्जातले ऱ्हस्वदीर्घ तपासून घ्यायला येतात आणि जाता जाता शर्टाचेही विचारतात. तेव्हा गेली काही वर्षे या विषयाकडे मी जरा निरखून पाहत आलो आहे.

पहिली गोष्ट ही की, या फोटोत आपण छातीपासून वर असतो. पायांतल्या बुटांना पॉलिश केले की नाही याची चौकशी कोणी करीत नाही. शिवाय पाहणारा हा फोटो पाहतो तो बहुधा मोबाइलवर, शर्टाच्या बटणाएवढ्या गोलात. त्या गोलात पैठणीवरचा मोर मावत नाही, टायवरची नक्षी दिसत नाही. उरतात तीन गोष्टी : चेहरा, गळ्याभोवतीची कड आणि एक रंग. निवड करायची ती या तिघांची.

रंगाच्या बाबतीत आपली आवड आणि कॅमेऱ्याची आवड यांचे नेहमीच जुळते असे नाही. बारीक रेघांचा किंवा बारीक चौकटींचा शर्ट प्रत्यक्षात किती देखणा दिसतो! पण डिजिटल कॅमेऱ्याच्या आत बिंदूंची एक जाळी असते. तिची आणि कापडावरच्या रेघांची गाठ पडली की छातीवर पाण्यासारख्या लाटा उठतात. पांढरा शर्ट पांढऱ्या पडद्यापुढे घातला, तर खांदे विरघळतात आणि मुंडके हवेत तरंगते. भडक लाल किंवा पोपटी रंग हनुवटीखाली आला की त्याची झाक गळ्यावर नि गालांवर चढते, आणि धडधाकट माणूस कावीळ झाल्यासारखा दिसू लागतो. जरीचे रुंद काठ दिव्याखाली असे चकाकतात, की डोळा चेहऱ्याकडे जायचा तो खांद्यावरच अडकतो. त्यापेक्षा निळा, राखाडी, विटकरी, मोरपंखी, गडद जांभळा असा एकरंगी कपडा बरा. तुमच्या वर्णाला कोणता खुलतो ते खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात पाहावे. दुकानातल्या दिव्याच्या साक्षीवर विसंबू नये.

(जुन्या फोटोंतल्या पणजीबाईंचे कुंकू काळेकुट्ट का दिसते, असे मुले विचारतात. त्या काळच्या काचांवरच्या रसायनाला तांबडा रंग दिसतच नसे. लाल तेवढे काळे येई आणि फिके निळे जवळजवळ पांढरे. तेव्हा पणजीबाईंच्या त्या काळ्या लुगड्याविषयीही खात्री बाळगू नये. ते चांगले लालभडक असेल!)

बाकीच्या सूचना थोडक्यात सांगतो. खोक्यातून काढलेला नवा कोरा शर्ट तसाच घालू नये. छातीवर घडीची चौकट उमटते. एकदा धुऊन इस्त्री करावी. कोट घालून बसल्यावर खांदे वर चढतात. कोटाचा मागचा भाग खाली ओढून त्यावरच बसावे, म्हणजे कॉलर मानेला चिकटून राहते. नेहमी चष्मा वापरीत असाल तर फोटोतही असू द्यावा, काचेत दिवा दिसत नाही एवढे मात्र पाहावे. (पासपोर्टचे नियम निराळे, ते त्या खात्यालाच विचारावे.) मोबाइलचा पुढचा कॅमेरा आपल्याला आरशातल्यासारखे दाखवतो, आणि काही मोबाइल चित्रही तसेच साठवतात. मग डाव्या खांद्यावरचा पदर उजवीकडे जातो आणि उलट्या पदराच्या बाई कंपनीच्या यादीत जाऊन बसतात.

हे सारे झाले कापडाचे. पण विचारायला येणाऱ्यांचा खरा प्रश्न निराळाच असतो, आणि तो ते सरळ विचारीत नाहीत. माझी एक विद्यार्थिनी आता एका मोठ्या कंपनीत हिशेब तपासते. ती म्हणाली, “सर, बाकीच्या साऱ्याजणी कोट घालणार आहेत. मी रोज साडी नेसून जाते. फोटोत साडी नेसले तर मी जुन्या वळणाची वाटेन का?”

मी तिला १८८५ सालचा एक फोटो दाखवला. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात तीन विद्यार्थिनी ओळीने बसल्या आहेत. एक जपानच्या केई ओकामी, एक सिरियातून आलेल्या साबात इस्लामबूली, आणि तिसऱ्या आपल्या आनंदीबाई जोशी. वय अवघे वीस. तिघीही आपापल्या देशच्या वेशात. पेहराव बदलणार नाही असे आनंदीबाई निघण्यापूर्वीच, १८८३ साली, बंगालमध्ये श्रीरामपूरच्या सभेत सांगून गेल्या होत्या. पण हा नुसता हट्ट नव्हता. नऊवारीने पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिकडची थंडी तर हाडे गोठवणारी, म्हणून त्या गुजराती वळणाने साडी नेसू लागल्या. पेहराव आपलाच ठेवला, नेसण्याची रीत मात्र कामाला सोयीची केली. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. दवाखाना चालवण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. मागे राहिलेल्या त्या फोटोत आज कोणाला साडी जुनाट वाटत नाही. बाई डॉक्टर व्हायला निघाली आहे, हेच दिसते.

विद्यार्थिनीने निळी सुती साडी नेसून फोटो काढला. पदर खांद्यावर टाचणीने नीट बसवला होता, एवढाच काय तो शृंगार.

पण यावरून कोट म्हणजे साहेबाची नक्कल, असे जर कोणी म्हणू लागला तर मी त्याच्याशी भांडेन. आपल्याकडे कोटाला दुसराही एक इतिहास आहे. ज्यांच्या वाडवडिलांना धड वस्त्र अंगावर घालण्याचीही गावकऱ्यांनी बंदी केली होती, त्यांनी घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा कोट-टायमधला फोटो लावला तो शोभेसाठी नव्हे. गावोगावच्या पुतळ्यांतही बाबासाहेब कोटातच उभे असतात, हातात राज्यघटना घेऊन.

माझा एक विद्यार्थी अशाच घरातला. वडील नगरपालिकेत सफाई कामगार. मुलाला बँकेत नोकरी लागली आणि फोटो हवा झाला. पूर्वी फोटोच्या दुकानात खुंटीवर एक कोट टांगलेला असे. सगळ्या गावाने तोच घालायचा, मागे चिमटे लावून खांदे बसवायचे. आता तेवढीही तसदी कोणी घेत नाही. दुकानदार शर्टातला फोटो काढतो आणि संगणकावर गळ्याखाली तयार कोट चिकटवून देतो. नीट पाहिले तर मान एका माणसाची नि खांदे दुसऱ्याचे, हे ध्यानात येते. या मुलालाही दुकानदाराने तेच सुचवले. बरोबर आलेले वडील म्हणाले, “तसा नको. अंगात घालून काढा.”

दुकानातून ते दोघे सरळ शिंप्याकडे गेले. काळपट निळे कापड घेतले, मापे दिली. फोटो आठ दिवस उशिरा गेला, पण बँकेने काही तक्रार केली नाही. मुलाने तो मला दाखवायला आणला होता. कोट खांद्यात थोडा सैल आहे. पोरगा अजून भरेल म्हणून वडिलांनीच शिंप्याला तसे सांगितले होते. त्या फोटोची एक मोठी प्रत काढून त्यांनी ती बाहेरच्या खोलीत, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी, पण चार बोटे खाली लावली आहे.